आखडलेला गुडघा आणि टाचेपर्यंत पोहोचलेली दुर्बीण

टोकियो, १९१८. केन्जी ताकागी यांनी एका मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय तपासण्याची दुर्बीण सरकवली. त्यामागे कुतूहलापेक्षा निकड मोठी होती. गुडघ्याचा क्षय बरा झाला, तरी सांधा बहुधा कायमचा आखडून जाई. जेवण, चहा, पाहुणचार, सारे काही चटईवर गुडघे दुमडून करणाऱ्या समाजात ताठ गुडघ्याचा माणूस घरातच परका होई. (पंगतीत मांडी घालून बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.) सांधा आखडण्यापूर्वीच रोग डोळ्यांनी पाहावा, हा ताकागींचा ध्यास होता.

डेन्मार्कच्या सेव्हेरिन नॉर्डेनटॉफ्ट यांनी १९१२ साली बर्लिनमध्ये हीच कल्पना मांडली होती. ती तिथेच विरली. ताकागींचे पहिले उपकरण ७.३ मिलिमीटर जाड होते, म्हणजे सांध्यासाठी भलतेच मोठे. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी युद्धोत्तर टोकियोत एकामागून एक नमुने घडवले. त्यांतला २१ क्रमांकाचा नमुना जगभर गेला. त्याच्या टोकाशी चिमुकला दिवा असे आणि तो सांध्यातच फुटण्याची धास्तीही असे. १९६२ साली वातानाबेंनी दुर्बिणीतून पाहत गुडघ्याच्या फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. पाहण्याचे साधन आता शस्त्रक्रियेचे झाले होते.

टाच मात्र अजून दूर होती. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांवरील प्रयोगांअंती १९३१ सालीच निर्वाळा दिला होता की, घोट्याचा सांधा दुर्बिणीसाठी फार अरुंद आहे. हातातल्या साधनापुरता तो खराही होता. १९७० च्या सुमारास वातानाबेंची दुर्बीण १.७ मिलिमीटरवर आली आणि १९७२ मध्ये त्यांनी २८ घोट्यांचा अनुभव नोंदवला. घोट्याखालच्या सांध्यातला मार्ग सर्ज पॅरिसियन यांनी १९८५ मध्ये दाखवला, तोही आधी मृतदेहांवरच.

उंचावरून टाचेवर पडलेल्या माणसाचे दुखणे याच सांध्यात असते. हाड जुळते, पण आत व्रणाचे तंतू माजतात, पाऊल आत-बाहेर वळेनासे होते, खडबडीत वाट नकोशी होते. दोन-तीन लहान छिद्रांतून ते तंतू कापले की अडलेली हालचाल काही अंशी परत मिळू शकते. कूर्चाच झिजली असेल, तर हा उपाय तोकडा पडतो. मग वेदना थांबवण्यासाठी शल्यविशारद त्याच छिद्रांतून दोन्ही हाडे जोडतो आणि सांधा स्वतःच्या हाताने कायमचा ताठ करतो.