सप्तपदी आणि संचिका : अमेरिकी स्थलांतर-कायद्यातील विवाहाच्या पुराव्याचा इतिहास

विवाह ही धर्मशास्त्र, रूढी आणि राज्यसंस्था या तिन्हींच्या सत्ताक्षेत्रात येणारी संस्था आहे, हे विधान नवे नाही. विवाहविषयक साहित्याचा विचार करताना मात्र पहिल्या दोन सत्तांकडे जितके लक्ष जाते, तितके तिसरीकडे जात नाही. एका देशात संपन्न झालेला विवाह दुसऱ्या देशाच्या उंबरठ्यावर सिद्ध करावा लागतो, तेव्हा ही तिसरी सत्ता नुसती शिक्का मारणारी राहत नाही. विवाह केव्हा पूर्ण होतो, त्याची कथा कोणी सांगावी आणि ती कोणत्या क्रमाने सांगितली म्हणजे खरी ठरते, हे ती ठरवू लागते. अमेरिकेच्या स्थलांतर-कायद्याचा दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

१९२४च्या अमेरिकी स्थलांतर-कायद्यात ‘पत्नी’ आणि ‘पती’ या शब्दांची व्याख्या नकारात्मक रीतीने केलेली आढळते : प्रतिनिधीमार्फत किंवा छायाचित्रावरून झालेल्या विवाहाने पती वा पत्नी ठरलेली व्यक्ती या शब्दांत अंतर्भूत होणार नाही. कायद्याच्या व्याख्याकलमात छायाचित्र यावे, ही गोष्ट सहज घडलेली नाही. १९०७-०८ मध्ये जपान आणि अमेरिका यांच्यात झालेल्या समझोत्याने जपानी मजुरांना नवी पारपत्रे देणे थांबले. आधीच तेथे राहणाऱ्यांच्या पत्नींना मात्र जाता येत असे. परत येऊन लग्न करण्याइतका पैसा किंवा अवधी नसलेले मजूर मध्यस्थांमार्फत छायाचित्रांची देवघेव करून विवाह ठरवीत. जपानी कायद्यानुसार कुटुंब-नोंदवहीत वधूचे नाव चढले की विवाह पूर्ण होई. वराची उपस्थिती आवश्यक नसे. म्हणजे कागद हाच तेथे संस्कार होता. अमेरिकी अधिकाऱ्यांना मात्र हा ‘नुसता कागद’ वाटला. आरंभीच्या काळात बोटीतून उतरलेल्या वधूंचे बंदरावरच पुन्हा लग्न लावले जात असे. पुढे अमेरिकेतील जपानविरोधी प्रचाराच्या दडपणाखाली १९२० मध्ये जपाननेच अशा वधूंना पारपत्रे देणे बंद केले. चार वर्षांनी कायद्याने केलेली मनाई ही एका अर्थी आधीच मिटलेल्या वाटेवर घातलेले कुंपण होते. पण ते कुंपण टिकले. १९५२च्या कायद्यातील व्याख्येत, विवाहविधीच्या वेळी दोन्ही पक्ष एकमेकांसमोर प्रत्यक्ष उपस्थित नसतील तर नंतर सहवास घडल्याखेरीज तो विवाह ग्राह्य नाही, असे म्हटले आहे आणि ते कलम आजही लागू आहे. कॅथी साँग यांचा १९८३चा कवितासंग्रह, योशिको उचिदा यांची १९८७ची कादंबरी आणि ज्युली ओत्सुका यांची २०११ची कादंबरी या छायाचित्र-वधूंकडे परतून जातात. त्यांचा अभ्यास करताना त्या वधूंच्या मागे उभे असलेले हे व्याख्याकलमही संहिता म्हणून वाचले गेले पाहिजे.

पत्नीत्व सिद्ध करण्याची पद्धत मात्र जपानी स्त्रियांपूर्वी चिनी स्त्रियांवर घडवली गेली. १८७५च्या पेज कायद्याचा घोषित हेतू वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना रोखण्याचा होता. व्यवहारात आपण ‘तशी’ नाही हे दाखवण्याचा भार प्रत्येक चिनी स्त्रीवर येऊन पडला. १८८२च्या चिनी-बंदी कायद्यानंतर व्यापाऱ्याची पत्नी आणि मजुराची पत्नी यांच्यात भेद झाला. पहिलीला प्रवेश, दुसरीला नकार. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील नागरी नोंदी जळाल्या आणि नातेसंबंधांचे दप्तरच नाहीसे झाले. मग १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावरील ठाण्यात नाते तोंडी तपासले जाऊ लागले. गावातल्या घराला किती पायऱ्या, विहीर कोणत्या दिशेला, शेजारच्या घरात कोण राहते, अशा प्रश्नांची उत्तरे दोघांनी स्वतंत्रपणे द्यायची आणि ती जुळायची. ‘कागदी पुत्र’ म्हणून येणारे तरुण उत्तरांच्या वह्या पाठ करीत. यातील उपरोध असा की, खऱ्या मुलालाही आपल्या घराच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत. आठवण चुकली तर खरेपणाचा उपयोग नव्हता.

याच काळात विवाहाने केवळ प्रवेशच नव्हे, तर असलेले नागरिकत्वही हिरावले जात होते. १९०७च्या कायद्याने परकीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. १९२२च्या केबल कायद्याने ही तरतूद बऱ्याच अंशी रद्द झाली. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयाशी विवाह केल्यास ती कायम राहिली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय हे ‘श्वेत’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निर्णय झाला. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकी पत्नी मेरी कीटिंग दास यांच्यावर या दोन्ही कायद्यांचा एकत्रित परिणाम झाला आणि ‘देश नसलेली स्त्री’ या आशयाचा लेख त्यांनी १९२६ मध्ये ‘द नेशन’ साप्ताहिकात लिहिला. केबल कायद्यातील हा अपवाद १९३१ मध्ये गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा युद्धवधू कायदा (१९४५) सैनिकांच्या पत्नींबाबत उदार मानला जातो. एलन नॉफ यांचा अनुभव वेगळा होता. जर्मनीत जन्मलेल्या, युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या सेवेत असलेल्या या स्त्रीने १९४८ मध्ये एका अमेरिकी माजी सैनिकाशी विवाह केला. न्यूयॉर्कला पोहोचताच त्यांना एलिस बेटावर ठेवण्यात आले आणि कोणतीही सुनावणी न देता, कारण न सांगता प्रवेश नाकारण्यात आला. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नकार उचलून धरला. वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरल्यावर झालेल्या सुनावणीत पुरावा ऐकीव ठरला आणि १९५१ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी आपली हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. राज्यसंस्थेने जी कथा ऐकण्यास नकार दिला, ती वाचकांपुढे मांडणारे हे आत्मकथन आहे. स्थलांतरितांच्या आत्मकथनांच्या चर्चेत त्याला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी. कारण त्यातला प्रश्न जुना झालेला नाही. नागरिक असलेल्या व्यक्तीला आपल्या परकीय जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत अधिकार नाही, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्येही म्हटले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशयाचे केंद्र बदलले. विवाह विधिपूर्वक झाला की नाही, यापेक्षा तो ‘मनापासून’ झाला की नाही, हा प्रश्न पुढे आला. केवळ प्रवेशासाठी केलेला, एकत्र राहण्याचा हेतू नसलेला विवाह विधिवत असला तरी उपयोगाचा नाही, हे सूत्र १९५३च्या लुटवाक खटल्यात दिसते. १९७५च्या बार्क खटल्यात ते अधिक नेमके झाले : विवाहसमयी दोघांचा एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता काय? हेतू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या खुणा गोळा कराव्या लागतात. संयुक्त बँक खाते, घरभाड्याचा करार, विम्यावरील नामनिर्देशन, पत्रे, छायाचित्रे यांची संचिका वाढत गेली. संशय आल्यास पतिपत्नींना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारण्याच्या पद्धतीला १९७६ मध्ये न्यूयॉर्कमधील स्टोक्स प्रकरणातील तडजोडीच्या आदेशाने काही मर्यादा घातल्या. वकिलाची उपस्थिती आणि मुलाखतीची नोंद हे हक्क त्यातून आले. एंजल बेटावरील पायऱ्यांच्या प्रश्नांची जागा आता पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपते, या प्रश्नाने घेतली.

१९८६च्या कायद्याने यात काळ हे परिमाण घातले. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मिळालेले ग्रीन कार्ड सशर्त राहील. दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करून विवाह अजून टिकला असल्याचे दाखवावे. या कायद्यामागे ३० टक्के विवाह बनावट असल्याचा सरकारी दावा होता. तो ज्या पाहणीवर आधारलेला होता तिच्यात सिद्ध नव्हे तर संशयित प्रकरणे मोजली होती, हे पुढे न्यायालयीन कामकाजात उघड झाले. तोवर कायदा झाला होता. संयुक्त सहीची अट म्हणजे नवऱ्याच्या हाती बायकोच्या वास्तव्याची किल्ली. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीने सही कोणाकडे मागावी? १९९० मध्ये अशा प्रसंगी संयुक्त अर्जातून सूट आणि १९९४च्या कायद्याने स्वतंत्रपणे अर्ज करण्याचा मार्ग मिळाला. मधली वर्षे ज्यांची गेली त्यांची गेलीच.

याच १९८६च्या कायद्याने वाग्दत्त वधूवरांनी अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असणे आवश्यक केले. नियमावलीत त्याला एक अपवाद आहे : जेथे विवाह परंपरेने आईवडील ठरवतात आणि ठरल्यापासून लग्नदिवसापर्यंत वधूवरांच्या भेटीस मनाई असते, तेथे सूट मिळू शकते. ठरवून केलेल्या विवाहाला अमेरिकी कायद्याने दिलेली ही ओळख आहे आणि ती एका कल्पित, कर्मठ पौर्वात्य समाजाला उद्देशून आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वधूवर समोरासमोर बसलेले असतात, दोनदा-तीनदा बोललेलेही असतात. म्हणजे मराठी मध्यमवर्गीय विवाह या अपवादात बसत नाही आणि ‘ओळख, प्रेम, मग विवाह’ या अधिकाऱ्याला परिचित असलेल्या कथाक्रमातही बसत नाही. येथे कथा पत्रिका, स्थळ आणि नातेवाईक यांच्यापासून सुरू होते आणि प्रेम बहुधा शेवटच्या प्रकरणात येते.

भारतीयांसाठी हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो १९६५ नंतर. १९४६च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० जागा आणि नागरिकत्वाची पात्रता मिळाली होती. १९६५च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा संपला आणि अभियंते-डॉक्टरांची पिढी गेली. झुंपा लाहिरी यांच्या १९९९च्या संग्रहातील ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ या कथेत कोलकात्यात लग्न करून निवेदक एकटाच पुढे जातो. पत्नी पारपत्र आणि ग्रीन कार्ड होईपर्यंत मागे राहते. ही काही आठवड्यांची वाट पाहणे पुढच्या काळातील कित्येक मराठी कुटुंबांना हेवा वाटावा इतके अल्प आहे. कारण कायद्यात एका तारखेला विलक्षण महत्त्व आले. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी विवाह झालेला असेल तर पत्नीला त्याच अर्जाच्या आधारे मागून येता येते. विवाह एक दिवसानेही नंतरचा असेल तर पत्नीचा नवा अर्ज, वेगळा वर्ग आणि वेगळी रांग. ही रांग इतकी लांबली की, २००० सालच्या अखेरच्या कायद्याने तीन वर्षांहून अधिक काळ ताटकळणाऱ्या, आणि त्या कायद्यापूर्वीच अर्ज झालेल्या, जोडीदारांसाठी एक खास व्हिसा निर्माण करावा लागला. २०१९च्या मध्यापासून २०२३च्या प्रारंभापर्यंत रांग जवळजवळ नाहीशी झाली आणि पुन्हा उभी राहिली.

मुहूर्त आणि ही तारीख यांची सांगड घालण्याच्या धडपडीतून ‘आधी नोंदणी, मग लग्न’ ही प्रथा मध्यमवर्गात रुळली. दिवाळीच्या सुट्टीत येऊन कार्यालयात सह्या करायच्या, आणि मांडव वैशाखात. परंतु विवाहाची वैधता तो जेथे झाला तेथील कायद्याने ठरते, हे अमेरिकेचे सर्वसाधारण तत्त्व आहे. आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. आठव्या कलमातील नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, विवाह नव्हे. नोंदणी राहून गेल्याने विवाह अवैध होत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. मुंबई राज्यात १९५३चा आणि महाराष्ट्रात १९९८चा नोंदणी कायदा असूनही पुष्कळ विवाह नोंदणीविना राहिले. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिले. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली : विधी झालेला नसताना घेतलेल्या नोंदणी-प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. परदेशी व्हिसाचा अर्ज लवकर करता यावा म्हणून तरुण जोडपी विधीआधीच नोंदणी करतात, याचा उल्लेख निकालपत्रात नापसंतीने आला आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली ही अडचण नाही, कारण तेथे अधिकाऱ्यासमोरील विधी हाच विवाह असतो. पण त्यातील ३० दिवसांच्या नोटिशीइतकी रजा परदेशातून आलेल्या वराजवळ क्वचितच असते.

जपानी वधूंच्या बाबतीत कागद खरा होता आणि अमेरिका विधी मागत होती. मराठी वधूच्या बाबतीत विधी खरा आहे आणि अमेरिका कागद मागते. पुरोहिताची सही, साक्षीदार, लग्नपत्रिका आणि मंगलाष्टकांच्या वेळचे छायाचित्र घेऊन नोंदणी कार्यालयात उभे राहणारे जोडपे या दोन मागण्यांच्या मधोमध असते.

सर्वांत बारीक, पण चिवट अडचण नावाची. लग्नात ताटातील तांदळांवर वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल अनेक मराठी घरांत होती, काही घरांत आहे. वडिलांचे नाव जाऊन मधल्या जागी नवऱ्याचे येते, आडनाव बदलते, आणि तांदळांवर लिहिलेले नवे नाव रुळले तर स्त्रीचे पहिले नावही उरत नाही. एकेकाळी नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज न उच्चारणारी ही स्त्री मुंबईतील अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपुढे ते नाव स्पष्ट उच्चारते, आणि अडते ती स्वतःच्या नावापाशी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर दोन्ही, पारपत्रावर सासरचे; जन्माची नोंद झालेलीच नसेल तर ती नसल्याचा दाखला आणि तिचा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे. त्यांवर नोटरीच्या शिक्क्याखाली आणखी एक प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. या तिन्ही नावांची स्त्री एकच आहे, असे त्यात तिला शपथेवर लिहून द्यावे लागते.