अल्ट्रा-वाइडबँड जाळ्यांची स्तररचना

संदेशवहनाचे जाळे उभारताना सारे काम एकाच यंत्रणेवर सोपवले जात नाही. त्याची स्तरांमध्ये विभागणी केली जाते. सर्वांत खालचा भौतिक स्तर रेडिओलहरी पाठवतो व ग्रहण करतो. त्यावरचा माध्यम-नियंत्रण स्तर कोणत्या उपकरणाने केव्हा प्रक्षेपण करावे हे ठरवतो. माहितीचा मार्ग आणि प्रत्यक्ष वापर हे वरच्या स्तरांचे काम. खालच्या स्तराचे अंतरंग वरच्या स्तराला ठाऊक असावे लागत नाही, म्हणून एक स्तर बदलला तरी बाकीची रचना कायम राहते. अल्ट्रा-वाइडबँड या बिनतारी तंत्रज्ञानाच्या वाटचालीत या तत्त्वाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात.

या तंत्रज्ञानात किमान ५०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर अत्यल्प शक्ती पसरवली जाते. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला केला. मात्र शक्तीची मर्यादा दर मेगाहर्ट्झला सुमारे ७५ नॅनोवॉट इतकीच ठेवली. साहजिकच वेग मोठा, पण पल्ला काही मीटरचा, असे या जाळ्यांचे स्वरूप ठरले.

भौतिक स्तर कसा असावा, यावर आयईईई या संस्थेच्या समितीत दोन गट पडले आणि एकमत न झाल्याने २००६ मध्ये समिती गुंडाळण्यात आली. दरम्यान, वायमीडिया गटाचा आराखडा २००५ मध्ये एक्मा-३६८ या नावाने मानक झाला. सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत वेग देणाऱ्या या जाळ्यात मध्यवर्ती नियंत्रक नव्हता. ६५,५३६ मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक कालचक्राचे २५६ भाग केलेले असत. चक्राच्या आरंभी प्रत्येक उपकरण आपली उपस्थिती जाहीर करी. चित्रफितींसाठी काही भाग राखून ठेवता येत, उरलेल्या भागांत इतर उपकरणे संधी साधत. याच पायावर वायरलेस यूएसबी उभे राहिले. तरीही उत्पादने मोजकीच निघाली, वाय-फाय वेगवान होत गेले आणि २००९ मध्ये वायमीडियाने आपले काम इतर संघटनांकडे सोपवण्याचे जाहीर केले.

त्यानंतर हे तंत्रज्ञान अंतर मोजण्यासाठी पुढे आले. रुंद पट्ट्यामुळे त्याचे स्पंद जेमतेम दोन नॅनोसेकंदांचे असू शकतात आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे संदेशाच्या प्रवासकाळावरून अंतर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक काढता येते.

याचे महत्त्व बिनकिल्लीच्या मोटारींत कळते. चोर घरात ठेवलेल्या किल्लीचा संदेश दोन उपकरणांच्या साखळीने मोटारीपर्यंत पोहोचवतात. वरच्या स्तरावरील सांकेतिक कुलूप अभंग राहते, तरी दार उघडते; कारण संदेश खराच असतो, फक्त दुरून आलेला असतो. प्रवासकाळ मोजला तर ही लबाडी उघड होते. मात्र स्पंदांचा क्रम आधी ओळखता आला, तर संदेश लवकर पोहोचल्याचा आभास निर्माण करता येतो. यासाठी २०२० च्या आयईईई ८०२.१५.४झेड मानकात गुप्त किल्लीवरून तयार होणारा, अंदाज न बांधता येणारा स्पंदक्रम भौतिक स्तरातच समाविष्ट करण्यात आला. ती गुप्त किल्ली वरचे स्तर पुरवतात. वेळेची नोंद खालचा स्तर करतो.

थोडक्यात, स्तर परस्परांपासून अलिप्त ठेवणे ही सोय आहे, अटळ नियम नव्हे. अंतराची सत्यता केवळ भौतिक स्तरच पडताळू शकतो. ती जबाबदारी वर ढकलणारा आराखडा कितीही नेटका असला तरी सुरक्षित ठरत नाही.