दहाव्या वर्षीचा आवाज

जाकोमो पुच्चिनी या इटालियन संगीतकाराची ‘जान्नी स्किक्की’ ही एकांकी संगीतिका १४ डिसेंबर १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रथम रंगभूमीवर आली. तीत लॉरेट्टा नावाची तरुणी बापाची मनधरणी करते : माझ्या मनातल्या तरुणाशी माझे लग्न होऊ द्या, नाहीतर पुलावर जाऊन आर्नो नदीत उडी घेईन. मूळ नाटक प्रहसनाच्या अंगाचे आहे आणि या आर्जवात लाडिकपणाइतकाच कावाही आहे. हेच पद १० ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी-स्पर्धेत दहा वर्षे चार महिने वयाच्या मुलीने गायिले. प्रेमापायी जीव देण्याची धमकी एवढ्या लहान मुलीच्या तोंडी! परंतु भाषा इटालियन असल्याने बहुतेकांचे लक्ष अर्थाकडे गेले नसावे. लक्ष गेले ते आवाजाकडे. डोळे मिटून ऐकावे तर प्रौढ स्त्रीचा, कंप घेणारा, भरदार स्वर. डोळे उघडावेत तर समोर शाळकरी पोर.

जॅकी इव्हँको हे त्या मुलीचे नाव. तिचा जन्म ९ एप्रिल २००० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीत नाटकावरील चित्रपट पाहून ती त्यातील पदे घरात गुणगुणू लागली आणि तेथून गाण्याचा छंद जडला. ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ या स्पर्धेच्या दारातून ती दोन वेळा परत गेली होती. तिसऱ्या खेपेस यूट्यूबवरून पाठविलेल्या ध्वनिचित्रफितीने तिला प्रवेश मिळवून दिला. पहिल्या गाण्यानंतर लोकांना इतका अचंबा वाटला की, ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलविल्याची शंका निघाली, आणि पुढच्या भागात तिला तेथल्या तेथे स्वर लावून दाखवावे लागले. सप्टेंबरात निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक मायकेल ग्रिम या गायकाला मिळाला आणि जॅकी दुसरी आली.

ती ज्या प्रकारचे गाणे गात असे, त्यास पश्चिमेकडे ‘क्लासिकल क्रॉसओव्हर’ म्हणतात. शास्त्रोक्त वळणाने कमावलेला आवाज, ऑपेरातील अथवा चर्चमधील एखादे सुपरिचित पद आणि साथीला चित्रपटाला शोभेल असा वाद्यमेळ, असा हा संकर आहे. आपल्या श्रोत्यांना नाट्यसंगीताची आठवण होईल. पण हे साम्य फार ताणू नये, कारण नाट्यपद गाणारे कित्येक नट मैफलीतही राग मांडून बसत. क्रॉसओव्हरचा गायक बहुधा ऑपेराच्या रंगमंचावर उभा राहत नाही. या प्रकाराची परंपरा मात्र जुनी आहे. १९५१ च्या ‘द ग्रेट कारूसो’ या चित्रपटाने मारिओ लान्झाला घरोघरी नेले. ७ जुलै १९९० रोजी रोममधील काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत, जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येस, पाव्हारॉत्ती, दोमिंगो आणि कारेरास हे तिघे एकत्र गायिले, आणि या संगीताला केवढी बाजारपेठ आहे हे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांना उमगले. १९९८ साली कार्डिफची बारा वर्षांची शार्लट चर्च पुढे आली. २००७ मध्ये मोबाइल दूरध्वनी विकणारा पॉल पॉट्स ब्रिटनमधील अशीच स्पर्धा जिंकून गेला. म्हणजे जॅकीसाठी वाट तयार होती. तिचे वय तेवढे नवे होते.

येथे आवाजाच्या शास्त्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकावाचून, पूर्ण वाद्यवृंदाच्या वरून, हजारो श्रोत्यांपर्यंत स्वर पोचवितो. त्यासाठी लागणारा श्वास आणि कंठाची घडण ही शरीर वाढल्यावाचून येत नाहीत. वयात येताना मुलीचाही कंठ बदलतो, मुलाइतका ठळकपणे नसला तरी. म्हणून जाणते शिक्षक लहान मुलांना मोठी ऑपेरापदे सहसा देत नाहीत, आणि स्त्रीचा आवाज परिपक्व होण्यास पंचविशी-तिशी उजाडते असे मानतात. जॅकीच्या हाती ध्वनिक्षेपक होता, त्यामुळे तिच्या गळ्याला सभागृह भरून काढण्याचे काम नव्हते. पण मोठ्या बाईच्या गाण्याची ढब तिने उचलली होती आणि लोक भाळले ते या ढबीवर व चेहऱ्यावर मिळून. त्या दोहोंतील अंतर हेच खरे आकर्षण होते आणि ते अंतर दर वाढदिवसाला कमी होत जाणार होते. सरकारी नोकर साठीच्या आसपास निवृत्त होतो. बालगायकाची निवृत्तीची तारीख तेराव्या-चौदाव्या वर्षीच ठरलेली असते.

आरंभीचे यश डोळे दिपविणारे होते. नोव्हेंबर २०१० मध्ये नाताळच्या सुमारास ‘ओ होली नाइट’ ही अवघ्या चार गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली व ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या खपाच्या यादीत एकदम दुसऱ्या स्थानी गेली. पुढल्या जूनमध्ये डेव्हिड फॉस्टर यांच्या निर्मितीतील ‘ड्रीम विथ मी’ हीदेखील दुसऱ्या स्थानी पोचली. तीत बार्ब्रा स्ट्रायसँड हिच्यासह गायिलेले एक युगुलगीत आहे. २०१२ साली रॉबर्ट रेडफर्डच्या चित्रपटात ती त्याची मुलगी म्हणून दिसली. २० जानेवारी २०१७ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीत तिने राष्ट्रगीत गायिले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. राजकारणात दुभंगलेल्या देशात त्यावरून तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. मोठ्या माणसांचे भांडण पोरवयात अंगावर यावे, हीदेखील कीर्तीचीच किंमत.

त्याच वर्षीच्या ‘टू हार्ट्स’मध्ये तिने जुन्या वळणाच्या गाण्यांच्या जोडीला नवी पॉप गाणी आणली. २०१९ च्या ‘द डेब्यू’मध्ये ब्रॉडवेच्या नव्या नाटकांतील गीते आहेत. ध्वनिमुद्रिकेचे हे नाव मला अर्थपूर्ण वाटते : शेकडो कार्यक्रम झाल्यावर एकोणिसाव्या वर्षी ‘पदार्पण’. माझ्या मते तिच्या गाण्याचे स्वारस्य खरे येथूनच सुरू होते, कारण आता ती आपल्याच वयाचे गाऊ लागली होती. खप मात्र ओसरत गेला होता.

२०२० साली ती पुन्हा एका दूरचित्रवाणी-स्पर्धेत उतरली. ‘द मास्क्ड सिंगर’ या कार्यक्रमात गायक आपादमस्तक वेषांतर करून गातो आणि तो कोण हे परीक्षकांनी केवळ गळ्यावरून व काही संकेतांवरून ओळखावयाचे असते. जॅकीने मांजरीचा मुखवटा घातला होता. दहा वर्षांपूर्वी जो चेहरा पाहून लोक थक्क झाले, तो या वेळी झाकलेला होता. ऐकणाऱ्यांपुढे उरला होता आवाज, आणि तो एका वीस वर्षांच्या तरुणीचा होता. मुखवटा उतरेपर्यंत तिच्या वयाचा विचार कोणाला करता आला नाही.

२०२२ मध्ये तिने जोनी मिचेल या कॅनडातील कवयित्री-गायिकेची गाणी घेऊन ‘कॅरोसेल ऑफ टाइम’ ही ध्वनिमुद्रिका काढली. हे नाव मिचेलच्या ज्या गीतातून आले आहे, ते एका मुलाच्या वाढत्या वयाविषयी आहे. मिचेलचा स्वतःचा गळा तरुणपणी उंच आणि पातळ होता, पुढे तो खर्जाकडे उतरला. तरीही १९६९ मध्ये गायिलेले एक गाणे तिने २००० साली त्याच उतरलेल्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि दुसरे गायन पहिल्याहून सरस मानणारे रसिक थोडे नाहीत. ते ध्वनिमुद्रण निघाले त्याच वर्षी जॅकीचा जन्म झाला होता.