नक्कल, कुलूप आणि नाव

मुलांना एक प्रश्न घरी विचारून यायला सांगा : आपल्या घरात गाणी विकत कशी घेत असत, आणि पैसे नेमके कशाचे दिले? पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात उत्तरे बहुधा अशी येतील. कोणी आषाढीला पंढरपुरातून अभंगांची कॅसेट आणली असेल. कोणी कोरी कॅसेट देऊन हवी ती गाणी भरून घेतली असतील. पुढच्या पिढीने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेतली. दुकानदाराला भरण्याची मजुरी मिळाली. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हाती मात्र या भरण्यातून काही पडले नाही. नक्कल सोपी झाली की हा पेच येतोच. तो सोडवण्यासाठी गाण्यांना कुलपे घालून पाहिली गेली. त्या कुलपांची ही गोष्ट.

नक्कल आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मधली. छपाई नव्हती, त्यामुळे पोथ्या हातानेच उतरवल्या जात. उतरवणाऱ्याची चूक पुढच्या प्रतीत जाई, तिथे आणखी एक नवी चूक होई. असे जवळजवळ तीनशे वर्षे चालले. शेवटी १५८४ मध्ये एकनाथांनी ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. इथे हरकत नक्कल करण्याला नाही, मूळ बिघडवण्याला आहे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्राही हेच सांगते : खुशाल उतरवून घ्या, पण रचना कोणाची ते राहू द्या.

ग्रामोफोनच्या काळात नकलेचा प्रश्न फारसा नव्हता. तबकडी घरी कोण बनवणार? वस्तू बनवायची अडचण हेच कुलूप होते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या छोट्या कॅसेटने ते उघडले. तरी एक निसर्गनियम आड येत होता. कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढते. चौथी-पाचवी प्रत ऐकवत नाही. पोथीचेच दुखणे इथेही होते.

१९८२ मध्ये सीडी आली आणि हे बदलले. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून तो आकडा नोंदवलेला असतो. आकड्याची नक्कल म्हणजे तोच आकडा. वर्गात करून पाहा : एक चित्र दहा मुलांनी एकमेकांच्या चित्रावरून काढावे, आणि एक सहा अंकी संख्या तशीच पुढे द्यावी. चित्र ओळखू येणार नाही, संख्या बहुधा जशीच्या तशी पोहोचेल.

पुढे एमपी३ पद्धतीने हे आकडे सुमारे दहापट कमी जागेत बसवले. १९९९ मध्ये नॅपस्टर आले आणि लोक इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवू लागले. न्यायालयीन लढाईत २००१ मध्ये ते बंद पडले. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने ऑनलाइन दुकान उघडले. एक गाणे ९९ सेंटला. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. म्हणजे सोय असेल तर लोक पैसे द्यायला तयार होते. पण गाणे कुलूपबंद होते. ठरावीक संख्येच्याच संगणकांवर ते वाजे, आणि खिशातल्या यंत्रांपैकी फक्त अ‍ॅपलच्याच.

या कुलपात मुळातच एक अडचण आहे. गुप्त पत्राची किल्ली चोराला मिळू नये म्हणून आपण जपतो. इथे गिऱ्हाईक हाच संशयित, आणि गाणे वाजायचे तर किल्ली त्याच्याच यंत्रात ठेवावी लागते. शिवाय शेवटी गाणे हवेतच उमटते, आणि तिथून ते कोणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो.

त्रास झाला तो पैसे देणाऱ्यालाच. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात गुपचूप असा प्रोग्राम बसवतात, की ज्याच्या आडून व्हायरसही लपू शकेल, असे उघड झाले. गदारोळानंतर सीडी परत घ्याव्या लागल्या. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केलेल्या आपल्या दुकानाच्या गाण्यांना यापुढे नव्या किल्ल्या देणार नाही असे जाहीर केले. संगणक बदलला की विकत घेतलेले गाणे मुके! ओरड झाल्यावर मुदत वाढवली गेली.

अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये लिहिले, की २००६ मध्ये कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली गेली, तर सीडीवरून बिनकुलपाची वीस अब्जांहून जास्त. मग कुलूप कशासाठी? त्याच वर्षी ईएमआय कंपनीची बिनकुलपाची, अधिक चांगल्या दर्जाची गाणी १ डॉलर २९ सेंटला विक्रीस आली. जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलने सर्वच गाण्यांचे कुलूप काढण्याची घोषणा केली. गंमत म्हणजे या फायलींत खरेदीदाराचे नाव नोंदलेले असे. कुलूप गेले आणि एक प्रकारची नाममुद्रा आली. फक्त रचनाकाराची नव्हे, गिऱ्हाइकाची.

भारतात २०१२ मध्ये फ्लिपकार्टने 'फ्लाइट' हे बिनकुलपाच्या एमपी३ गाण्यांचे दुकान काढले. ते २०१३ मध्ये बंद झाले. २०१२ मध्येच आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते उघडायला मात्र वाव ठेवला आहे.

आज बहुतेक गाणी मासिक वर्गणीवर किंवा जाहिरातींसह ऐकली जातात. वर्गणी भरून फोनवर उतरवलेले गाणे वर्गणी थांबली की वाजत नाही. कुलूप परत आले आहे. पण आपण ते विकत घेतलेच नाही, म्हणून फारशी तक्रार होत नाही.

आता मुलांनी आणलेली उत्तरे फळ्यावर मांडा आणि विचारा : आपल्या गावच्या भजनी मंडळाने आपले गाणे ध्वनिमुद्रित केले, तर त्याला कुलूप घालावे का? नसेल, तर पखवाज वाजवणाऱ्याला पैसे कसे मिळतील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, पण पहिल्याचे उत्तर देणाऱ्याने त्याचाही विचार केलाच पाहिजे.