लेणी, मेमरी कार्ड आणि वाचनाची किल्ली

१/१२
पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मध्ये कान्हे हे लहानसे स्थानक आहे. या मार्गाचा खंडाळा-पुणे हा टप्पा १८५८ साली सुरू झाला. आज याच मार्गाने दर रविवारी कॅमेरे गळ्यात अडकवलेले तरुण बेडसे, भाजे, कार्ले या लेण्यांकडे जातात. संध्याकाळी परतताना त्यांच्या खिशात नखाएवढ्या कार्डावर शेकडो छायाचित्रे असतात. ती उद्या वाचता येतील का, या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/१२
प्रथम दोन हजार वर्षे मागे जाऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका लेखात वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविल्याचे नमूद आहे. बेडशाच्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. दगड टिकला, अक्षरेही टिकली.

३/१२
पण वाचणारे उरले नाहीत. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचा स्तंभ दिल्लीस आणविला आणि त्यावरील लेख वाचण्यासाठी विद्वान बोलाविले. कोणालाही तो वाचता आला नाही. अखेर १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल पूर्ण केली. पुढे १८८१ साली जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांमधील लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. मजकूर टिकणे आणि मजकूर वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या घटनेचा धडा.

४/१२
आता कार्डाकडे वळू. फ्लॅश स्मृतीची कल्पना १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी मांडली. १९९४ मध्ये सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश आले. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता (पॅनासॉनिक) आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केले. आज बहुतेक कॅमेऱ्यांत हेच कार्ड आढळते.

५/१२
कार्डावर छायाचित्रे कशी राहतात? कार्डाचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात. एका छायाचित्राला असे अनेक कप्पे लागतात आणि ते सलग असतीलच असे नाही. कोणता कप्पा संपल्यावर कोणता उघडायचा, याची नोंद एका तक्त्यात असते. सावकाराच्या खतावणीसारखाच हा तक्ता. तो वाचता आला नाही, तर कप्पे भरलेले असूनही वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

६/१२
या खतावणीची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे 'फॅट'. तिचा जन्म १९७७ चा, मायक्रोसॉफ्टमधला, फ्लॉपीच्या काळातला. फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि पुढे तीन अक्षरांचे शेपूट, ही मर्यादाही त्याच काळातली. कॅमेरा आजही 'डीएससी_०००१' अशी आठ चिन्हांची नावे देतो आणि ती 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरात ठेवतो. १९९८ च्या जपानी मानकाने घालून दिलेली ही शिस्त आहे. तिच्यामुळेच एका कंपनीच्या कॅमेऱ्यातील कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रालाही ओळखता येते.

७/१२
१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स कर्नेल जगापुढे ठेवले. त्याचा आराखडा कोणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा, अशी ही मुक्तस्रोत प्रणाली. 'फॅट' वाचण्याची सोय तीत फार पूर्वीच आली. साहजिकच जुने, लहान क्षमतेचे कार्ड लिनक्सच्या लॅपटॉपमध्ये घातले की डीसीआयएम फोल्डर समोर उघडत असे.

८/१२
तरीही वाद उद्भवलाच. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या डच कंपनीवर दावा लावला. टॉमटॉमच्या दिशादर्शक यंत्रांत लिनक्स होते आणि 'फॅट'मधील लांब नावांच्या पद्धतीवर मायक्रोसॉफ्टचे पेटंट होते. मार्चअखेरीस तडजोड झाली. पण एखादी खतावणी लिहिण्याच्या रीतीवरही कोणाची मालकी असू शकते, हे मुक्तस्रोत जगाला तेव्हा प्रकर्षाने उमगले.

९/१२
त्याच वर्षी ३२ जीबीहून मोठ्या कार्डांसाठी एसडीएक्ससी हे मानक आले. जुन्या पद्धतीत ४ जीबीची एक फाइलही मावत नसे, आणि चलचित्रणाला ते अपुरे होते. म्हणून नव्या कार्डांसाठी मायक्रोसॉफ्टची २००६ मधील 'एक्सफॅट' पद्धत ठरली. तिचा आराखडा मुक्त नव्हता. परिणामी नवे कार्ड घातले की लिनक्सचा लॅपटॉप बहुधा एवढेच सांगे : अपरिचित फाइलप्रणाली. ब्राह्मीपुढे उभ्या राहिलेल्या त्या विद्वानांसारखीच ही अवस्था!

१०/१२
भारताची स्थिती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक-आज्ञावलीला पेटंट मिळत नाही. २००४ च्या अखेरीच्या अध्यादेशात ही अट सैल केली होती. २००५ मध्ये संसदेने ती सैल तरतूद वगळली. तथापि लिनक्सची वितरणे जगभरासाठी एकत्रच तयार होतात. परदेशातील पेटंटांच्या धास्तीने तेथे एखादी सोय वगळली, की मावळातील लॅपटॉपवरही ती नसे. मग स्वयंसेवकांनी लिहिलेली जोड-आज्ञावली स्वतंत्रपणे बसवावी लागे.

११/१२
कोंडी टप्प्याटप्प्याने फुटली. २०१३ मध्ये सॅमसंगने आपली एक्सफॅट आज्ञावली मुक्त परवान्याखाली दिली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्सच्या संरक्षणासाठी असलेल्या पेटंट-समूहात सामील झाली. २८ ऑगस्ट २०१९ रोजी तिने एक्सफॅटचा आराखडा खुला करून लिनक्समधील समावेशास पाठिंबा जाहीर केला. त्याच वर्षीच्या ५.४ आवृत्तीत प्राथमिक सोय आली आणि मे २०२० मधील ५.७ आवृत्तीत सॅमसंगच्या अभियंत्यांनी नव्याने सिद्ध केलेली पक्की सोय. तेव्हापासून हे कार्ड कोणत्याही अद्ययावत लिनक्सवर विनासायास उघडते. कॅमेऱ्यांच्या कच्च्या प्रतिमांची कुलुपे मात्र याआधीच उघडू लागली होती. कंपनीगणिक निराळ्या असलेल्या या प्रतिमा वाचणारी 'डीसीरॉ' ही आज्ञावली डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून जवळजवळ एकहाती घडविली.

१२/१२
एक भेद मात्र विसरू नये. कार्डावरील नोंद म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकविलेला विद्युतभार आणि तो कालांतराने झिरपतो. दगडाचे आयुष्य त्याला नाही. म्हणून लेणी, वीरगळ, मोडी कागद यांची छायाचित्रे घेणाऱ्याने कार्डालाच दप्तर मानू नये. घरी येताच कार्ड केवळ वाचनासाठी जोडावे, प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि स्थळ व दिनांक यांची नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करावी. चुकून पुसलेली छायाचित्रे 'फोटोरेक' या मुक्त आज्ञावलीने पुष्कळदा परत मिळतात; मात्र तोवर त्या कार्डावर नवे काही लिहू नये.

भूतपालाचा लेख वाचण्यासाठी शेकडो वर्षे थांबावे लागले, कारण किल्ली हरवली होती. एक्सफॅटसाठी दशकभर थांबावे लागले, कारण किल्ली एकाच्याच कमरेला होती. उद्याच्या इतिहासकाराला आजचा मावळ पाहता यावा असे वाटत असेल, तर छायाचित्रांइतकीच ती वाचण्याची किल्लीही सर्वांची असली पाहिजे.