चिखलाच्या अलीकडे

हॉर्निमन सर्कलच्या गोंगाटातून सेंट थॉमस कथीड्रलमध्ये शिरलात की आधी अंगाला गारवा लागतो. चर्चगेट हे नाव ज्याच्यामुळे पडलं, ते हेच चर्च, १७१८ सालचं. कोटाचा दरवाजा पडला, चर्च उभं आहे. जिकडेतिकडे संगमरवरातले साहेब. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या भपकेदार स्मारकापुढे लोक रेंगाळतात; तुम्ही कर्नल बरच्या स्मारकापाशी थांबा. पेशव्यांविरुद्धच्या खडकीच्या लढाईत इंग्रजी फौज याच्या हुकमात होती. दगडाला हात लावू नका, कुणीतरी हटकेल. नुसते डोळे मिटा.

उघडाल तेव्हा ५ नोव्हेंबर १८१७ आहे, बुधवार. उन्हं कलायला लागलीत.

अंगात लाल डगला, खांद्यावर चकमकीची बंदूक. तुम्ही कंपनीचे शिपाई, गाव कोकणात. मागे मुळेकाठची खडकी, समोर गणेशखिंडीच्या टेकड्या. संगमावरची रेसिडेन्सी पेटली आहे. रेसिडेंट एल्फिन्स्टन साहेबाची पुस्तकं नि कागद त्यात जळताहेत. साहेब मात्र निसटून इथे, तुमच्यातच आला आहे. तुम्ही सगळे मिळून जेमतेम अठ्ठावीसशे. समोर किती, ते मोजायच्या फंदात कुणी पडत नाही.

गेले काही दिवस पेशव्यांची माणसं छावणीत चोरपावलांनी येत होती. आधी पैशांची लालूच; मग धमकी, की कंपनी सोडली नाहीत तर कोकणातल्या घरच्यांची खैर नाही. ते बोलले मराठीतच. म्हणून तर जास्त लागलं.

आता दरीतून घोडदळ सुटतं. आधी आवाज येतो, जमिनीतून, पायांच्या तळव्यांतून. टेकडीवरून हे दृश्य पाहणाऱ्या ग्रँट डफला खंबायतच्या आखातात उसळत येणारी भरती आठवली. मराठ्यांचा इतिहास पुढे त्यानेच लिहिला. तुम्हाला एवढं लांबून बघायची चैन नाही. तुम्हाला कुंपणं आडवी होताना दिसतात, उभी पिकं तुडवली जाताना दिसतात, जोखडातून सुटलेले बैल उधळताना दिसतात. पर्वतीवरून पेशवा बाजीराव बघतो आहे म्हणतात. त्यांच्या निशाणाची, जरीपटक्याची, काठी पुण्यातून निघतानाच मोडली, अशीही कुजबुज आहे. अपशकुन त्यांचा, पण घशाला कोरड तुमच्याही.

आधी पेशव्यांकडच्या पिंटोची पलटण अंगावर येते. ती मोडते, आणि तुमच्यातले काही जण भान विसरून तिच्या मागे धावत सुटतात. रांग फुटते. नेमकं हेच पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांना हवं होतं. त्यांचे निवडक स्वार त्या फटीकडे वळतात.

तेवढ्यात शेजारी कर्नल बर दिसतो. त्याला असाध्य आजार आहे, हे साऱ्या पलटणीला ठाऊक आहे. तरी तो आपल्या जुन्या पलटणीच्या निशाणाजवळ येऊन उभा राहिला आहे. रांग नीट करायला वेळच नाही. पाठलाग थांबवा, गोळी राखून ठेवा, एवढंच तो ओरडून सांगतो. तुम्ही थांबता. बोट चापावर, घाम डोळ्यांत. घोड्यांच्या नाकपुड्या दिसायला लागतात, तरी थांबता.

आणि पहिली रांग जमिनीत जाते.

पुढे खोल चिखल आहे. तुम्हाला माहीत नव्हता, कर्नलला नव्हता, ज्यांच्या मुलखात हे चाललंय त्या गोखल्यांनाही नव्हता! घोडे गुडघ्यांवर येतात, मागचे पुढच्यांवर कोसळतात. आता हुकूम येतो. या अंतरावरून नेम चुकवायचा म्हटलं तरी चुकत नाही. पडणारे ज्याचं नाव घेऊन ओरडतात, तो देव तुमच्या गावातही आहे. तुमच्या संगिनीपर्यंत फार थोडे पोचतात.

जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित त्याच संध्याकाळी पडतात, तेही तुमच्या बाजूच्या फोर्डच्या पलटणीच्या तोफेने. फोर्ड त्यांचा मित्र. कादंबरीकाराने असा योग घातला असता तर आपण नाकं मुरडली असती.

अंधार पडतो. कंपनीकडचे मेलेले नि जखमी मिळून ८६, त्यांतले ५० तुमच्या डाव्या बगलेचे शिपाई. पेशव्यांकडचे पाचशेच्या आसपास. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढेल.

डोळे उघडा. वर पंखा फिरतो आहे, समोर कर्नल बरचं नाव आहे. तुमचं इथे शोधू नका. डिसेंबर अखेरीस पुण्याचा बंदोबस्त याच कर्नलकडे होता. पेशवा पुन्हा चालून येईल या धास्तीने त्याने शिरूरहून कुमक मागवली. ३१ तारखेच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली आणि सकाळी तिला भीमेकाठी कोरेगावापाशी पेशव्यांची फौज दिसली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीही नावं कोरली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी नावांच्या शेवटी महारांच्या नावांतलं ‘नाक’ आहे.