बाळ सहा वर्षांचे होईपर्यंत: सिल्वासातील कुटुंबांसाठी सरकारी सेवांची माहिती

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सून जळगावला किंवा धुळ्याला जाते, बाळ तिथे जन्मते आणि तीन-चार महिन्यांनी सिल्वासाला येते. त्यामुळे बाळाचे कागद दोन गावांत विभागले जातात आणि पुढची बरीच धावपळ त्यातून होते.

जन्मनोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, राहत्या गावी नाही. 21 दिवसांत ती विनाशुल्क असते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत निबंधकांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बारसे व्हायचे आहे म्हणून नोंद थांबवू नये. बाळाचे नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार वगैरेसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा माहेराहून निघताना दाखला पिशवीत हवा.

दुसरा कागद म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब, मग 6, 10 व 14 आठवडे, 9 महिने, 16 ते 24 महिने आणि पाचव्या वर्षानंतरचा बूस्टर, असा लसींचा क्रम आहे. सरकारी केंद्रात या लसी देशभर मोफत मिळतात. सुरुवात धुळ्याला झाली असली तरी पुढचे डोस इथे श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात घेता येतात. फक्त कार्ड दाखवावे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000. कायम सरकारी नोकरीतल्या महिलांना ही योजना नाही, मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपेक्षा कमी असेल तर अर्ज करता येतो. आपल्या कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे यात बसतात. दुसरा हप्ता जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावरच मिळतो.

बँकेत नोकरी झाल्यामुळे पुढचा मुद्दा जरा लांबवतो. हे पैसे मातेच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असे नव्हे. अनुदान जमा होण्यासाठी वेगळे संमतिपत्र भरावे लागते, आणि एका आधारला त्यासाठी एकच बँक जोडलेली राहते. लग्नाआधी गावच्या बँकेत जोडणी झाली असेल तर रक्कम तिथे जाऊन पडते आणि घरचे म्हणतात, सरकारने पैसे दिलेच नाहीत. आधारवर माहेरचे नाव आणि पासबुकावर सासरचे, हा घोळही गरोदरपणातच मिटवावा.

अंगणवाडीबद्दल आपल्या मंडळींत एक गैरसमज आहे की ती फक्त गरिबांसाठी असते. तिला उत्पन्नाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 रोजी सहा वर्षांखालील प्रत्येक मुलापर्यंत ही सेवा पोचवण्याचा आदेश दिला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा शिधा आणि तीन ते सहा वर्षांच्यांना गरम जेवण मिळते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे काम वजन-उंची मोजण्याचे. खाते-पिते घर असले तरी मूल खुरटलेले असू शकते, आणि तक्त्यावरची रेघ खाली वळली की ते आजीच्या नजरेआधी कळते. ही कल्पना तशी आपल्या शेजारचीच. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या आणि अनुताई वाघ शाळाच वस्तीतल्या अंगणात घेऊन गेल्या. 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडला हलले. सरकारी योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 रोजी.

जन्मजात हृदयदोष, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल किंवा कमी ऐकू येणे यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करते, आणि पुढचे उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, मोफत होतात. मुलाचे नाव अंगणवाडीत नसेल तर ही तपासणी सहज हुकते. आपल्या इमारतीतल्या वॉचमनच्या आणि घरकामाच्या बाईंच्या मुलांची नावे तिथे आहेत का, हेही विचारून पाहावे.